दुसऱ्याच्या तोंडचा कागद

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात शिरलो तेव्हा माणसांच्या आधी मेंढरं भेटली, आणि प्रत्येक मेंढराच्या पाठीवर गेरूनं एकेक इंग्रजी अक्षर काढलेलं होतं. ए, बी, सी, डी. एक लंगडं होतं, त्याच्या पाठीवर क्यू. माझी ट्रंक डोक्यावर घेतलेल्या गड्याला मी विचारलं, तर तो म्हणाला, "हवालदाराची हायती. गावात आमी आडाणी, मेंढरं शिकल्याली."

गाव माण तालुक्यातलं, दहिवडीपासून दोन कोसांवर. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा आणि असलेलं पाणी पिऊन जायचा. मी सांगलीचा, कृष्णेत डुंबून वाढलेला, वय वीस. लढाई संपून वर्ष झालं होतं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची, पटावर चाळीस नावं होती आणि हजर बारा. राहायला जागा कुठं, तर गावानं एकमुखानं सांगितलं की मास्तरानं राहावं अशी स्वच्छ खोली एकाच घरात आहे, पण त्या घरात मास्तर चालणार नाही. घर हवालदारांचं.

मी तरी गेलो. दारात चाळिशीचा, काटकुळा, ताठ माणूस खाकी चड्डीत उभा होता. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मास्तर का?" म्हणाला. मी हो म्हटलं. "खोली घ्या. पाणी उकळून प्यायचं. पण आमच्या पोरांस्नी शाळंत बोलवायचं न्हाई. ती हितं शिकत्यात." मी त्या दिवशी कबूल झालो, कारण उन्हात दोन कोस चालून आलो होतो आणि आतून चहाचा वास येत होता. तो चहा बिनदुधाचा निघाला. पुढं वर्षभर मी तो प्यालो आणि नंतर जन्मभर मला दुधाचा चहा पाणचट लागला.

हवालदारांच्या घरात बाई नव्हती. तीन पोरं होती: बारा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा मधला आणि सहा वर्षांचा धाकटा. ती त्यांना घरी 'आबा' म्हणत आणि अभ्यासाच्या वेळी 'साब'. घड्याळ नव्हतं. समोरच्या लिंबाची सावली पांढऱ्या भिंतीवर पडे, तिथं कोळशानं रेघा ओढल्या होत्या. सावली पहिल्या रेघेवर आली की हवालदार अंगणात येऊन ओरडायचे, "फालीन!" पोरं उंचीप्रमाणं ओळीत. नखं दाखवा, दात दाखवा. दुसऱ्या रेघेला वाचन, तिसरीला हिशेब, चौथीला स्वयंपाक. स्वयंपाक तिघांनाही. मधला भाकरी थापायचा, आणि ती थोरलीपेक्षा गोल व्हायची. गावातल्या बायका कुडावरून बघून पदरात तोंड घालून हसत. घरामागं हवालदारांनी पलटणीच्या मापानं संडासाचा चर खणला होता. त्यावर पाराजवळचे म्हातारे म्हणायचे, "लढाई सपली तरी गडी खंदक काढतुयाच."

हसण्यासारखं बरंच होतं, पण भूगोल शिकवताना मी त्यांना एकदा पाहिलं आणि माझं हसू गेलं. नांगरून ठेवलेल्या वावरात त्यांनी काठीनं रेघ मारली. "ह्यो दर्या. हिकडं मिसर. हितं वाळू, हितं आमी पकडलो गेलो." मग पोरांना घेऊन ते खरोखरच चालायला लागले. बांधावरून उडी मारली की इटली. बोरीच्या झुडपापाशी त्यांचा कैद्यांचा कॅम्प. तिथं बर्फ पडायचं, ते कसं पडतं हे त्यांनी मूठभर कापूस उडवून दाखवलं. धाकट्यानं तो कापूस गोळा करून खिशात घातला. मी माझ्या बारा पोरांकडून देवळात नद्यांची नावं घोकून घेत होतो, आणि त्यातल्या एकानंही नदी पाहिलेली नव्हती. मधला पुढं बोटीवर नोकरीला लागला. पोर्ट सैदहून त्यानं मला कार्ड पाठवलं होतं की इथली वाळू आमच्या वावरापेक्षा मऊ आहे.

भानगड होती ती अक्षरांची. हवालदार पलटणीत भरती झाले तेव्हा त्यांना सही येत नव्हती. पलटणीनं वाचायला शिकवलं, पण पलटणीच्या पद्धतीनं. बोली हिंदुस्थानी आणि लिपी इंग्रजी, म्हणजे पठाण, शीख, मराठा सगळ्यांना एकच पाटी. तिथं त्यांनी परीक्षा दिल्या, सर्टिफिकेटं मिळवली, दुसऱ्यांना शिकवलंसुद्धा. त्यामुळं हवालदार अस्खलित मराठी लिहीत, पण सगळी इंग्रजी अक्षरांत. बाळबोध त्यांना वाचता येत नव्हतं. पोरांनाही त्यांनी तेच शिकवलं. आईला 'ए ए आय', भाकरीला 'बी एच'. मी म्हटलं, "हवालदार, अहो मराठीची स्वतःची अक्षरं आहेत." ते म्हणाले, "अक्षर म्हंजी अक्षर. बंदुकीला काय जात आसती का?"

आता त्यांनी मास्तर या जातीवर एवढा राग का धरला, ते सांगतो. गावानं मला ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि सांगताना जो तो स्वतः तिथं हजर होता.

लढाईच्या मध्यात गावात सरकारी कागद आला. छापील, इंग्रजी. हवालदारांच्या म्हाताऱ्या आईनं आणि बायकोनं तो देवळात मास्तरांकडं नेला. हे मास्तर म्हणजे माझ्या आधीचे, थोडंफार इंग्रजी शिकलेले. त्या कागदात लिहिलं होतं की तुमचा माणूस बेपत्ता आहे हे कळवायला सरकारला दुःख होतं. मास्तरांना दुःखाचा शब्द येत होता, बेपत्ताचा येत नव्हता. त्यांनी विचार केला की सरकार काय उगाच दुःख करील? चष्मा काढला आणि म्हणाले, "हवालदार गेले."

बायकोनं कुंकू पुसलं. वर्षभर ती तिथंच राहिली, शेत केलं, मेंढरं राखली. मग तिचा भाऊ आला. त्या भागातल्या रीतीप्रमाणं त्यानं तिचा पाट लावून दिला, सांगलीत हळदीच्या पेठेत काम करणाऱ्या एका बिजवराशी. पाट लावलेल्या बाईनं पहिल्या घरची पोरं पहिल्या घरी सोडून जायची, ही पण रीतच. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. तिची गाडी वेशीबाहेर गेली तरी तो तिच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेला झोपला होता म्हणतात.

दोन वर्षांनी, लढाई संपल्यावर, हवालदार चालत गावात आले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं त्यांचा चेहरा चाचपला आणि विचारलं, "तू मेलाईस न्हवं रं?" चार महिन्यांत ती म्हातारी गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हवालदारांनी तिन्ही पोरांची नावं शाळेतून काढली. आधीचे मास्तर तोंड चुकवून बदली घेऊन गेले.

बायकोबद्दल वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. "तिचं काय चुकलं? कागद सरकारी हुता," एवढंच. चूक त्यांच्या मते एकच झाली होती: आपल्या घरचा कागद दुसऱ्याच्या तोंडानं ऐकला. हे वाक्य ते देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचे. "आपला कागद दुसऱ्याच्या तोंडानं वाचायचा न्हाई, मास्तर. लय म्हाग पडतंय."

आणि नेमके याच घरात कागद येत होते. हवालदार जिवंत परतल्याचं सांगलीला कळलं, त्यानंतर तिथून पोरांच्या नावानं पत्रं यायला लागली. ती आईची होती. तिला लिहिता येत नव्हतं, पेठेतला कुणी कारकून लिहून देत असावा. मी राहायला गेलो तेव्हा दोन आली होती, तिसरं दिवाळीत माझ्यासमोर आलं. हवालदारांनी ते पोस्टमनकडून दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि न फोडता आपल्या काळ्या लोखंडी पेटीत ठेवलं. तिन्ही पोरं बघत होती.

मी न राहवून म्हणालो, "मी वाचून दाखवू का?"

"तिला लिवता येत न्हाई, म्हंजी लिवलं दुसऱ्यानं. मला वाचता येत न्हाई, म्हंजी वाचणार दुसराच," ते म्हणाले. "मग त्यात तिचं काय ऱ्हायलं आन आमचं काय ऱ्हायलं?"

"पण पोरांना कळायला हवं ना, आई काय म्हणते ते."

"कळंल. ज्याला वाचता यील त्यानं वाचावं. पेटीला कुलूप न्हाई."

खरंच कुलूप नव्हतं. मला वाटतं, त्या पत्रांची त्यांना भीती वाटत होती. एका कागदानं ते मेले होते, आता दुसरा काय करील याचा नेम नव्हता. पण इतका शूर माणूस कागदाला भितो हे तेव्हा माझ्या विसाव्या वर्षाच्या डोक्यात शिरलं नाही. मी त्याला हट्ट समजलो, आणि थोडा मनात हसलोही.

त्या हिवाळ्यात दिपोटी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे तपासनीस, तपासणीला आले. पोरं शाळेत का येत नाहीत म्हणून मला झापलं. मी नाइलाजानं हवालदारांकडं बोट दाखवलं. साहेब छत्री घेऊन अंगणात हजर. हवालदारांनी खाडकन सलाम ठोकला, साहेब खूश. मग साहेबांनी क्रमिक पुस्तक काढून मधल्याच्या हातात दिलं. मधल्यानं ते उलटं केलं, सुलटं केलं आणि अदबीनं परत दिलं. "हे आमचं न्हाई, साब."

"म्हणजे निरक्षर!" साहेब माझ्याकडं बघून म्हणाले.

हवालदारांच्या कपाळाची शीर उठली. त्यांनी मधल्याला अंगणाबाहेर पाठवलं आणि थोरलीच्या हातात कोळसा दिला. "साब, तुमी बोला. काय बी बोला."

साहेब वैतागले होते. म्हणाले, "या गावातील विहिरी कोरड्या असून लोक आळशी आहेत." थोरलीनं ते भिंतीवर झरझर इंग्रजी अक्षरांत उतरवलं. मग मधल्याला आत बोलावलं. त्यानं भिंतीसमोर उभं राहून खडखडीत आवाजात वाचलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाला, "साब, लोक आळशी न्हाईत."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की मुलं हुशार आहेत, पालक विक्षिप्त आहे, उपाय दिसत नाही. ते वाक्य भिंतीवर कितीतरी दिवस तसंच होतं, आणि पारावरचे म्हातारे ते मधल्याकडून पुन्हापुन्हा वाचून घ्यायचे.

पण त्या शाळेत एक विद्यार्थी नापास होत होता. धाकटा. 'फालीन'ला तो उशिरा यायचा. 'पीछे मूड' म्हटलं की भावंडं वळल्यावर मग वळायचा. त्याचा उजवा कान वाहायचा, पण त्या गावात निम्म्या पोरांचे कान वाहत. मोठं झालं की थांबतं म्हणत. हवालदार रोज सकाळी फडक्यानं तो पुसायचे आणि म्हणायचे, "घाण ठिवतोस. ध्यान न्हाई तुजं." ध्यान नाही म्हणून शिक्षा. डोक्यावर पलटणीतला पत्र्याचा डबा ठेवून सावली एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जाईस्तोवर उन्हात उभं राहायचं. तो उभा राहायचा, रडायचा नाही. मीही एकदा म्हणालो होतो, "हूड आहे. शाळेत असता तर दोन छड्यांत सरळ केला असता." ट्रेनिंग कॉलेजात मला बालमानसशास्त्रात चांगले गुण होते.

कार्तिकात हवालदारांना पेन्शनीच्या कागदासाठी साताऱ्याला जावं लागलं. चार दिवसांचं काम. निघताना मला म्हणाले, "घर तुमच्यावर सोडून चाललूय, मास्तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली माझ्या खोलीच्या दारात आली. ओच्यात तीन पत्रं. तिनं ती माझ्यासमोर जमिनीवर मांडली, आल्या क्रमानं.

"वाचा," ती म्हणाली.

"आबांना विचारलंस?"

"आबा हितं न्हाईत. घर तुमच्यावर हाय."

"अगं, पण त्यांचा नेम तुला माहीत आहे ना?"

"नेम त्यांचा हाय. आई आमची हाय." मग तिचा आवाज बसला. "गुरुजी, निसतं एवडं सांगा, बरी हाय का म्हून. बाकीचं नका वाचू."

मी तिला उपदेश केला. वडिलांची आज्ञा, विश्वास, घराची शिस्त. असलं पुष्कळ बोललो. बोलताना मलाच माझं कौतुक वाटत होतं. खरं कारण वेगळं होतं. हवालदारांना कळलं तर खोली जाईल, आणि त्या गावात उकळलेलं पाणी आणि ती स्वच्छ भिंत दुसरीकडं मिळणार नव्हती. आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे म्हणून लिहून टाकतो: खोलीसाठी मी ती पत्रं वाचली नाहीत. तिनं ती गोळा केली, पदराला पुसली आणि पेटीत नेऊन ठेवली. पुन्हा तिनं मला कधी काही मागितलं नाही.

पौष गेला. माघात चौथं पत्र आलं. ते हातात घेताना पातळ वाटत होतं. ते पेटीत गेलं आणि त्याच संध्याकाळी थोरली बापासमोर ओळीत उभी असते तशी उभी राहिली. "साब, मला गुरुजींची अक्षरं शिकायची हायती."

"कशापायी?"

"ज्याला वाचता यील त्यानं वाचावं, आसं तुमीच म्हनला."

हवालदार तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. फालीन नाही, रेघा नाहीत. पोरं घरात पाहुण्यांसारखी वावरत होती. चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या दारात आले. हातात मधल्याची पाटी.

"मास्तर, आदी मला शिकवा. पोरीच्या आदी मला वाचता आलं पायजे. काय आसंल ते पयलं माझ्या डोळ्याखालनं जाऊ द्या."

देवळात यायला ते तयार नव्हते, म्हणून मी मेंढरांच्या वाड्याजवळ बसून शिकवलं. चाळीस वर्षांचा, तीन देशांत लढलेला माणूस जमिनीवर मांडी घालून 'ग गवताचा' गिरवत होता. हात इतका जड की दोन पाट्या फुटल्या. काना, मात्रा त्यांनी चटकन उचलले. जोडाक्षरांवर मात्र चिडायचे, "दोन माणसं येका बंकरमदी कशाला कोंबायची?" कधी मध्येच थांबून पाटीकडं बघत बसायचे. एकदा म्हणाले, "एवडं सोपं हुतं व्हय." चैत्राच्या सुरुवातीला ते अडखळत का होईना, वाचायला लागले.

ज्या दिवशी त्यांनी पेटी उघडली त्या दिवशी दुपारची सुट्टी करून मी खोलीत आलो होतो. हवालदार ओट्यावर बसले. पहिलं पत्र फोडलं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला मनात वाचता येत नाही, तो मोठ्यानं वाचतो. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून ते पत्र मी ऐकलं, चुलीपाशी बसलेल्या थोरलीनं ऐकलं, मधल्यानं ऐकलं.

"चि-रं-जी-व... मु-लां-स आ-ई-चे आ-शी-र्-वाद. मी ब-री आ-हे." चुलीपाशी काहीतरी खाली पडलं. "धा-क-ट्या-चा का-न वा-ह-तो. त्या-ला सां-भा-ळा. मा-झ्या पा-ठ-च्या भा-वा-ला अ-सेच झा-ले. सा-त-व्या व-र्षी तो ब-हि-रा झा-ला. मि-र-जे-ला मो-ठा द-वा-खा-ना आ-हे. ल-व-क-र दा-ख-वा."

अंगणात धाकटा उभा होता. सकाळी हाकेला आला नाही म्हणून डोक्यावर डबा. हवालदारांनी पत्र गुडघ्यावर ठेवलं, उठले, आवाज न करता त्याच्या पाठीमागं गेले आणि त्याच्या उजव्या कानाशी हलकेच चुटकी वाजवली. पोरगा जसाच्या तसा उभा. मग ते डावीकडं गेले, पुन्हा तशीच चुटकी वाजवली. पोरगा दचकून वळला आणि डबा पडू न देता सलाम ठोकला.

हवालदार त्या जागी खाली बसले. त्यांनी त्याच्या डोक्यावरचा डबा काढून घेतला आणि कितीतरी वेळ मांडीवर धरून ठेवला. मला बाहेर जायचं धाडस झालं नाही. राहिलेली पत्रं शेवटी थोरलीनं त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी एकेक करून वाचली, तशीच मोठ्यानं. दुसऱ्यातही कान. तिसऱ्यात, म्हणजे दिवाळीच्या पत्रात, लिहिलं होतं की पौषात औंधला यमाईच्या जत्रेला मी येते, पायऱ्यांशी थांबते, पोराला माझ्याबरोबर महिनाभर द्या, मिरजेला दाखवून परत पाठवते. चौथ्यात फक्त दोन ओळी होत्या. मुलांनी माझ्यावर राग धरला आहे हे समजले. आता लिहिणार नाही.

तिसऱ्याच दिवशी तिन्ही पोरांना घेऊन आम्ही निघालो. मी सांगलीचा, वाट माहीत, म्हणून बरोबर गेलो. आणि घरी बसणं मला शक्यही नव्हतं. वडूजवरून, औंधवरून मोटारीनं रहिमतपूर, तिथून रेल्वे. औंधला मोटार थांबली तेव्हा देवीचा डोंगर समोर होता. थोरलीनं त्याच्याकडं पाठ केली. मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून बराच वेळ पाहिलं. उजवा गेला होता. तीन-चार महिने आधी आणायला हवा होता, ते म्हणाले. डाव्यालाही लागण सुरू झाली होती, तो वाचेल, पण दर आठवड्याला आणावं लागेल, निदान सहा महिने. माणहून दर आठवड्याला मिरज कसं गाठणार? हवालदारांना, थोरलीला आणि मला, तिघांनाही ते कळलं. सांगलीत आई होती, आणि सांगलीहून मिरज तीन कोस.

छोट्या गाडीतून सांगलीला जाताना मी हवालदारांच्या शेजारी बसलो. खालच्या आवाजात म्हणालो, "पत्रं मिळालीच नाहीत म्हणा. पोस्टानं घोळ घातला म्हणा. होतं असं. तिलाही बरं वाटेल." ते खिडकीबाहेर बघत होते.

पेठेतल्या त्या गल्लीत सगळं पिवळं होतं, भिंती, कुत्री, पोरांची डोकी. अंगणात चार बायका हळकुंडं निवडत बसल्या होत्या. त्यातली एक आमच्याकडं बघत उठली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिनं पदर पुढं ओढला. आतून एक म्हातारी, तिची या घरची सासू असावी, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आलेला माणूस कोण ते ताडून उंबऱ्यातच थांबली. हवालदारांनी अंगणात पाऊल टाकलं नाही. सवयीनं पोरं त्यांच्यापुढं उंचीप्रमाणं ओळीत उभी राहिली. धाकट्यानं त्या बाईला ओळखलं नाही, तो तिच्या हातांकडं बघत होता.

"दवाखाना झाला," हवालदार म्हणाले. "उजवा गेला. डावा वाचंल, पर हितं ठिवावा लागंल. ठिवशील?"

ती पोराच्या जवळ आली, गुडघ्यावर बसली, पदराच्या शेवानं त्याचा कान पुसला. मग वर बघून विचारलं, "माजी पत्रं पोचली न्हाईत व्हय?"

मी हवालदारांकडं पाहिलं.

"पोचली," ते म्हणाले. "चारी पोचली. मला वाचाय येत न्हवतं. आन दुसऱ्याला मी वाचू दिलं न्हाई. पोरांस्नी ठावंच न्हवतं त्यात काय हाय."

"म्हंजी पोरं माज्यावर रागावली न्हवती?"

"न्हाई."

"मी औंधला दोन दिस पायऱ्यांवर बसून हुते," ती म्हणाली. "जो दिसंल त्याच्याकडं बगत. पोरं रागावली म्हून आली न्हाईत, आसं धरून चालले." मग ती रडायला लागली. थोरली ओळ मोडून तिच्यापाशी गेली, पाठोपाठ मधला. हवालदार तसेच ताठ उभे होते, पण त्यांची मान खाली गेली होती. ती तशी मी आधी पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. गालांना हळद लागली होती. तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. माझं धोतर, टोपी, खिशातला टाक.

"हे कोन?"

"गुरुजी," मधला म्हणाला. "आमच्यातच ऱ्हात्यात."

"कवापास्नं?"

"ज्येष्ठात आले."

तिनं मनाशी महिने जुळवले. ते जुळवताना तिचा चेहरा कसा बदलत गेला, ते मला स्पष्ट दिसलं. "म्हंजी जत्रंच्या लय आदी," ती म्हणाली. "मग ह्यास्नी तर वाचाय येत हुतं की."

मी टोपी काढून हातात घेतली.

"त्यास्नी माझा हुकूम हुता," हवालदार म्हणाले. "वाचायचं न्हाई म्हून. त्यांचा काय दोष न्हाई."

असा हुकूम त्यांनी मला कधीच दिला नव्हता. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आईला बिलगून उभी असलेली थोरली माझ्याकडं बघत होती, तिला तर माझ्याहून जास्त माहीत होतं. आई उत्तराची वाट बघत होती. मी मान हलवली, आणि म्हणालो, "हो. हुकूम होता."